गोठलेल्या जमिनीतली पेरणी

पेरणी म्हटली की आपल्याला मृगाचा पाऊस आणि पाभर आठवते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मिशिगनकडे मात्र क्लोव्हर, म्हणजे आपल्या बरसीमचा सख्खा भाऊबंद, फेब्रुवारी-मार्चमध्ये जमीन गोठलेली असतानाच फोकून देतात. रात्री मातीतले पाणी गोठून फुगते, दिवसा वितळते. या रोजच्या ओढाताणीत भेगा पडतात आणि मोहरीहून बारीक असे ते बी आपसूक आत उतरते. नांगर नाही, कुळव नाही. एकरी 2-3 किलो पांढरा क्लोव्हर पुरतो. आदल्या शरदातच गवत अगदी खुरटे कापलेले हवे, कारण बी मातीला भिडले नाही तर सगळे फुकट. बर्फाचा जाड थर असेल तर वितळत्या पाण्याबरोबर ते उतारावरून वाहूनही जाते.

हा चारा नेहमीच गुरांसाठी नसतो, अनेकदा पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी असतो. ‘वन्यजीवांसाठी’ हे नाव गोड, पण अशी शेते राखणारे मुख्यत्वे शिकारी. त्या निगुतीचे मला कौतुक वाटते, हेतूविषयी मात्र मन साशंकच राहते. पांढरा क्लोव्हरही मूळचा तिथला नव्हे. तो युरोपीय वसाहतींबरोबर गेला. आणि ज्या रानाच्या कडेला तो फोकतात, तिथली ओकची कोवळी रोपे अनेकदा याच हरणांनी आधीच खुडलेली असतात.