ट्रिमचं तेल नेमकं कुठून गळतंय?

इंजिन बोटीच्या आत आणि पंख्याचा भाग मागे बाहेर, ही स्टर्नड्राइव्हची रचना व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये बाजारात आणली. पुढे हा बाहेरचा भाग, म्हणजे ड्राइव्ह, वर-खाली करायला हायड्रॉलिक ट्रिम आलं. जुन्या बोटीत गळती बहुधा इथेच सापडते.

आधी सगळं पुसून कोरडं करा. ड्राइव्ह वर उचलून रात्रभर ठेवा. ट्रिम सिलिंडरच्या दांड्याभोवती तेल दिसलं तर सील गेलं. दांड्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही लवकरच फाटेल, म्हणून दांडा तपासल्याशिवाय सील बदलू नये. बाहेर थेंबही नाही, पण ड्राइव्ह खाली बसला, तर दोष आतला: पंपाचा व्हॉल्व्ह किंवा पिस्टनची ओ-रिंग. खाऱ्या पाण्यात होजची लोखंडी टोकंही गंजतात.

होज सोडण्याआधी ड्राइव्ह पूर्ण खाली आणाच. वर असताना होज सोडला तर ड्राइव्ह धाडकन कोसळतो. बारीक छिद्र बोटाने कधीही चाचपू नका, दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. त्याऐवजी पुठ्ठा धरा. तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच घाला आणि हवा निघेपर्यंत ड्राइव्ह वर-खाली करा.