राक्षस न दाखवता राक्षस सिद्ध करायचा कसा? : ‘ट्रेमर्स’ आणि आपला संशोधनाचा प्रश्न



पेट पास झालात, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. आणि तुम्ही विषयाचं नाव लिहिलंय, ‘अमुकतमुकचा सखोल अभ्यास’. बरोबर ना? माझंही तेच झालं होतं. एम.एस्सी. प्राणिशास्त्र करून आले आणि ‘कीटकांमधील संदेशवहनाचा सखोल अभ्यास’ असा भारदस्त विषय घेऊन आरआरसीपुढे उभी राहिले. तीनच प्रश्न आले: कोणता कीटक? कोणता संदेश? मोजणार कशाने? माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. विषय परत आला आणि सहा महिने गेले.

त्या रात्री हॉस्टेलवर एका सीनियरच्या लॅपटॉपवर ‘ट्रेमर्स’ लागला होता. रडवेल्या चेहऱ्याने बघायला बसले आणि अर्ध्या सिनेमात वही काढली. आजची पोस्ट त्या वहीतली आहे.

आधी सिनेमाबद्दल थोडक्यात

‘ट्रेमर्स’ जानेवारी १९९० मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक रॉन अंडरवूड, लेखक एस. एस. विल्सन आणि ब्रेंट मॅडॉक. खर्च सुमारे १ कोटी डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात बेताचाच. अमेरिकेतल्या थिएटरांत कमाई झाली सुमारे १ कोटी ६७ लाख. पण सिनेमा व्हिडिओ कॅसेटवर आला आणि घरोघरी पोचला. लोकांनी भाड्याने आणून पुन्हा पुन्हा पाहिला. तो इतका चालला की १९९६ साली दुसरा भाग निघाला, तो सुमारे ४० लाखांत आणि थेट व्हिडिओसाठी. पुढचे सगळे भागही थेट घरच्या पडद्यासाठीच आले. २०२० पर्यंत एकूण सात सिनेमे झाले.

गोष्ट साधी आहे. नेवाडाच्या वाळवंटात परफेक्शन नावाचं काल्पनिक, मूठभर वस्तीचं गाव. जमिनीखालून फिरणारे अजस्र प्राणी माणसं खायला लागतात. त्यांना डोळे नाहीत, ते जमिनीतल्या कंपांवरून शिकार शोधतात. गावकरी त्यांना ‘ग्रॅबॉइड’ म्हणतात.

आता गंमत बघा. एवढा मोठा प्राणी सारखा पडद्यावर दाखवणं महाग पडतं. म्हणून बराच वेळ तो दिसतच नाही. दिसते ती उडणारी धूळ, एकामागून एक हलणारे कुंपणाचे खांब, खालून उचकटणाऱ्या फळ्या. प्रेक्षक खुणांवरून प्राण्याचा अंदाज बांधतो. मित्रांनो, आपणही प्रयोगशाळेत हेच करतो! इलेक्ट्रॉन कोणी पाहिलाय? आपण पाहतो ते हलणारे खांबच.

गृहीतक बदलतं कसं?

व्हॅल आणि अर्ल या दोन मजुरांना पहिला पुरावा मिळतो तो विचित्र. एक म्हातारा विजेच्या टॉवरवर मेलेला सापडतो. डॉक्टर सांगतात, तहानेने मेला. म्हणजे खाली उतरण्यापेक्षा वर बसून मरणं त्याला बरं वाटलं. मग एका मेंढपाळाचं नुसतं डोकं सापडतं. यांचं पहिलं गृहीतक: कोणीतरी खुनी फिरतोय.

पुढे त्यांच्या गाडीखाली सापासारखं काहीतरी अडकून तुटलेलं मिळतं. दुसरं गृहीतक: मोठे साप आहेत. मग एक प्राणी त्यांचा पाठलाग करताना काँक्रीटच्या भिंतीवर आपटून मरतो. उकरून बघतात, तर ‘साप’ म्हणजे त्या प्राण्याच्या नुसत्या जिभा!

प्रत्येक टप्प्यावर त्यांचं अनुमान हातातल्या पुराव्यापुरतं ठीकच होतं. चुकीचं ठरलं म्हणून ते मूर्ख ठरत नाहीत. नवा पुरावा आल्यावरही जुन्यालाच धरून बसले असते, तर मात्र मेले असते. सिनॉप्सिसमधलं गृहीतक बदलावं लागलं की आपल्याला अपमान वाटतो. खरं तर काम पुढे सरकल्याची ती खूण असते.

रोंडा: आपल्यातलीच एक

सिनेमातली माझी आवडती व्यक्ती म्हणजे रोंडा. ती भूकंपशास्त्राची विद्यार्थिनी आहे. खोऱ्यात सिस्मोग्राफ लावून उन्हातान्हात एकटी नोंदी घेत फिरते. नोंदी विचित्र यायला लागतात तेव्हा ती पहिलं काय करते? व्हॅल आणि अर्लला विचारते, इथे कुठे ड्रिलिंग, ब्लास्टिंग चाललंय का? म्हणजे ‘नवा शोध लागला’ असं ओरडायच्या आधी साधी कारणं तपासते. हे एक वाक्य मला दोन वर्षांच्या कोर्सवर्कपेक्षा जास्त शिकवून गेलं.

पुढे एक प्राणी मेल्यावर तीच नोंदींवरून सांगते, अजून तीन आहेत. नोंदीवरून असं काही कळतं तरी कसं? मूळ तत्त्व सोपं आहे. भूकंपात दोन प्रकारच्या लहरी निघतात. पी लहरी जलद, एस लहरी सावकाश. समजा पीचा वेग सेकंदाला ५ किमी आणि एसचा ३ किमी. मग प्रत्येक किलोमीटरमागे एस सुमारे ०.१३ सेकंद मागे पडते. दोघींमध्ये २ सेकंदांचं अंतर दिसलं तर केंद्र साधारण १५ किमीवर. पण कोणत्या दिशेला? एका यंत्रावर फक्त अंतर कळलं, म्हणून नकाशावर एक वर्तुळ काढता येतं. तीन यंत्रांची तीन वर्तुळं जिथे छेदतात, ती जागा. एका ठिकाणी एकच यंत्र लावून ‘कुठे?’ हा प्रश्न सोडवता येत नाही, हे आधी कळलं तर पुढचा त्रास वाचतो.

असा प्राणी खरंच असतो का?

तीस फुटी नाही. पण कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात वाळूतला एक विंचू आहे, तो अंधारात वाळूच्या कंपांवरून भक्ष्य शोधतो. फिलिप ब्राउनेल यांनी त्यावर १९७७ साली ‘सायन्स’मध्ये पेपर लिहिला, म्हणजे ‘ट्रेमर्स’च्या तेरा वर्षं आधी.

तोपर्यंत वाळू ही कंपांची वाईट वाहक मानली जायची. ब्राउनेलने मोजलं, तर पृष्ठभागावरची रेले लहर वाळूत सेकंदाला जेमतेम ४० ते ५० मीटर जाते. खडकात हाच वेग हजारांत असतो. आणि हा संथपणाच विंचवाच्या पथ्यावर पडतो. विंचवाचे आठ पाय साधारण ५ सेंमी व्यासाच्या वर्तुळात टेकलेले असतात. लहर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला किती वेळ? ०.०५ भागिले ५०, म्हणजे एक मिलिसेकंद. ज्या बाजूच्या पायाला कंप आधी लागला, तिकडे विंचू वळतो.

हे सिद्ध कसं केलं? ब्राउनेल आणि फार्ले यांनी विंचवाचे काही पाय एका हलत्या पाटीवर आणि बाकीचे दुसऱ्या पाटीवर ठेवले. एक पाटी किंचित आधी हलवली. विंचू तिकडे वळला. फरक ०.२ मिलिसेकंद इतका कमी असला तरी त्याला तो कळत होता. खरं भक्ष्य कुठेच नव्हतं, वास नव्हता, आवाज नव्हता. बदलला होता फक्त वेळ. याला म्हणतात नेमका प्रश्न!

मग सिनॉप्सिसचं काय करायचं?

‘प्राणी कंपांनी शिकार कशी करतात’ हा ग्रॅबॉइड झाला. दिसायला भव्य, पण बजेटमध्ये न बसणारा. ‘या विंचवाला दोन पायांमधला किती वेळेचा फरक ओळखता येतो’ हा खांब झाला. तो हलताना मोजता येतो.

एक इशाराही देते. सिनेमा हा पुरावा नाही. एवढा प्राणी मातीतून गाडीच्या वेगाने जाऊ शकत नाही, माती बाजूला सारायलाच प्रचंड ऊर्जा लागेल. सिनेमाने प्रश्न सुचवावा, उत्तर मोजमापातूनच यावं.

मी स्वतः दुसऱ्या खेपेला काय नेलं? एक तुडतुडा, एक पीक आणि नराच्या हाकेचे देठातून जाणारे कंप. तुडतुडे खरंच असे ‘बोलतात’, आपल्या कानाला ते ऐकू येत नाही इतकंच. कमिटीने तेच तीन प्रश्न विचारले. या वेळी तिन्हींची उत्तरं एकेका ओळीत होती. विषय मंजूर झाला, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे काम आपल्याला झेपेल.

आज रात्री एक करा. तुमच्या विषयाचं नाव कागदावर लिहा आणि खाली तीन ओळी: कोण? काय? मोजणार कशाने? तिसरी ओळ कोरी राहिली तर घाबरू नका, पण सिनॉप्सिसही देऊ नका. आधी आपल्या खोऱ्यातला हलणारा खांब शोधा.

भेटू पुढच्या पोस्टमध्ये.