एका रात्रीचा शेजार : विहारमार्गावरील मुक्कामाची मर्यादा

चातुर्मासाची सांगता झाली की त्यागींची पावले पुन्हा रस्त्याला लागतात. दिगंबर संघ दिवाळीनंतर आणि श्वेतांबर संघ कार्तिकी पौर्णिमेपासून विहारास निघतात. नेमक्या याच दिवसांत यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या मातीत कापसाची वेचणी ऐन भरात आलेली असते. व्यापारी घरांत हंगामाची धांदल असते, शेतकऱ्याच्या घरात खोली-खोलीत कापूस भरलेला असतो, आणि अशा वेळी गावच्या वेशीवर अनवाणी पावलांचा एक लहानसा समुदाय संध्याकाळच्या आत निवारा शोधत येऊन उभा राहतो. त्याच्यासोबत विहारसेवेसाठी आलेले शहरातील चार-सहा श्रावक, बहुधा तरुण, असतात. त्यागींचा आचार शास्त्राने बांधलेला आहे. प्रश्न उरतो तो या सोबतच्या श्रावकांच्या आचाराचा. गाव संघाला ओळखते ते बहुधा त्यांच्याच वागण्यावरून.

वाटा आणि विसावे

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ७ आणि आताचा ४४, हा दक्षिणेकडील विहाराचा मोठा मार्ग आहे. हिंगणघाट मागे टाकून वर्धा नदी ओलांडली की वडकी लागते, पुढे करंजी, पांढरकवडा, केळापूर, पाटणबोरी, आणि पैनगंगेपलीकडे आदिलाबाद. याच वाटेने पुढे कुल्पाकजी तीर्थाकडे जाता येते. दुसरी वाट यवतमाळहून दारव्हा, कारंजा अशी शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाकडे वळते, तर तिसरी वणीहून वरोऱ्यामार्गे भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथाकडे जाते.

मोठ्या गावांत स्थानक, उपाश्रय किंवा मंदिराची धर्मशाळा असते, तेथे अडचण नाही. अडचण असते ती दोन गावांच्या मधल्या मुक्कामाची. तेथे जिल्हा परिषदेची शाळा, ग्रामपंचायतीचे सभागृह, मारुतीच्या देवळाचा सभामंडप, गुरुदेव सेवा मंडळाचे प्रार्थना मंदिर, एखाद्या जिनिंगमधील रिकामी खोली किंवा दुकानामागचे गोदाम, जे मिळेल ते घ्यावे लागते. यांतील एकही जागा जैन संघाची नाही. प्रत्येक जागेचा कोणी धनी आहे, तिचा रोजचा काही उपयोग आहे, आणि अनेकदा तेथे त्या रात्री दुसरेही वाटसरू उतरलेले असतात. शेगावला किंवा माहूरला पायदळ निघालेले भाविक याच मंडपांत पथारी टाकतात.

शास्त्राने हा विषय कोठे ठेवला?

परक्या जागेत कसे राहावे, हा विषय साधारणपणे शिष्टाचाराचा मानला जातो. जैन शास्त्राने मात्र तो अचौर्यव्रताखाली ठेवला आहे, ही गोष्ट चिंतनीय आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात, दिगंबर परंपरेच्या पाठानुसार, अचौर्यव्रताच्या पाच भावना येतात. त्यांपैकी तीन थेट मुक्कामाशी निगडित आहेत: ओस जागेत राहणे, इतरांनी सोडून दिलेल्या वास्तूत राहणे, आणि आपण राहत असलेल्या जागी दुसऱ्या कोणास येण्यास अडथळा न करणे. या तिसऱ्या भावनेचे नाव परोपरोधाकरण. पाचवी भावना सधर्म्यांशी वाद न घालण्याची आहे. श्वेतांबर परंपरेतील भाष्यात याच व्रताच्या भावना थोड्या निराळ्या शब्दांत येतात: विचारपूर्वक जागा मागणे, गरजेप्रमाणे पुन्हा पुन्हा अनुमती घेणे, किती जागा घेतली याची मर्यादा ठरवणे, आधी उतरलेल्या सधर्म्याची अनुमती घेणे, आणि अनुमतीनेच आहारपाणी करणे.

दोन्ही परंपरांचा आशय एकच आहे. जेवढी जागा दिली गेली त्याहून अधिक व्यापली, दिलेल्या वेळेहून अधिक काळ अडवली, किंवा नंतर आलेल्याला दाराबाहेर ठेवले, तर ते केवळ असभ्य वर्तन राहत नाही. ते न दिलेले घेणे होय. तागडीत मासाभर फरक न होऊ देणाऱ्या व्यापाऱ्याला हा न्याय वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मागणे कोणाकडे, किती आणि केव्हापर्यंत

उत्तराध्ययन सूत्राच्या सव्विसाव्या अध्ययनात साधूंच्या दहा सामाचारी सांगितल्या आहेत. त्यांत विचारून करणे, दुसऱ्याच्या इच्छेचा मान राखणे, वसतीतून बाहेर पडताना आणि आत येताना ठरावीक शब्द उच्चारणे यांचा समावेश आहे. ‘निसीहि’ म्हणून आत पाऊल टाकणारा साधू बाहेरचा व्याप उंबऱ्याबाहेर ठेवत असतो. श्रावकाने हीच वृत्ती आपल्या पातळीवर उचलावी.

जागा मागताना ज्याला खरोखर अधिकार आहे त्यालाच विचारावे. शाळेसाठी मुख्याध्यापक, सभागृहासाठी सरपंच किंवा ग्रामसेवक, देवळासाठी विश्वस्त किंवा पुजारी. ओळखीच्या व्यापाऱ्याने दूरध्वनीवरून ‘होऊन जाईल’ असे सांगणे ही अनुमती नव्हे. संख्या खरी सांगावी. आठ जणांचे सांगून वीस जण पोहोचले, तर पुढच्या वेळी आठांनाही जागा मिळत नाही. निघण्याची वेळ आधीच ठरवावी आणि शाळेच्या बाबतीत वाराचे भान ठेवावे. शनिवारी सकाळची शाळा असते. इतर दिवशी दहापर्यंत चालणारा मुक्काम त्या दिवशी सातच्या आत आवरावा लागतो. मुले दप्तरे घेऊन पटांगणात ताटकळत उभी आणि वर्गात सतरंज्या पसरलेल्या, हे दृश्य धर्मप्रभावनेचे नव्हे.

जागा मिळाल्यावर तिची सीमा आपल्यापुरती आखून घ्यावी. वर्गातील फळ्यावरचा उद्याचा पाठ पुसू नये, भिंतीवरचे मुलांचे तक्ते काढू नयेत, बाके उचलून हलवावीत, ओढू नयेत. सेवेतील वाहन आणि सामान दाराच्या आड येणार नाही असे ठेवावे.

कापसाच्या घरात ज्योत नको

या जिल्ह्यापुरता एक नियम स्वतंत्रपणे सांगायला हवा. हंगामात शेतकरी भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवतो, आणि जिनिंगच्या आवारात तर गंजी लागलेल्या असतात. अशा ठिकाणी एक ठिणगी वर्षभराच्या कमाईची राख करू शकते. म्हणून अगरबत्ती, दिवा, डास पळवण्याची जळती कॉइल, पाणी उकळण्याची शेगडी यांपैकी काहीही कापसाजवळ नेऊ नये. त्यागींसाठी पाणी उकळायचे किंवा चौका लावायचा तर त्यासाठी मोकळी जागा दाखवून घ्यावी आणि विस्तव पूर्ण विझल्याची स्वतः खात्री करावी. साधू-साध्वी स्वतः अग्नी आणि विजेचा आरंभ टाळतात. अंधारात बसण्याची त्यांची सवय पाहून गावकरी आपुलकीने दिवा लावू पाहतात. त्यांना दोन वाक्यांत, नम्रपणे कारण सांगावे. आश्चर्य आदरात बदलायला तेवढे पुरते.

एकाच मंडपात दोन प्रार्थना

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने विदर्भातील अनेक गावांत सूर्यास्ताच्या सुमारास सामुदायिक प्रार्थना होते. प्रतिक्रमणाची वेळही साधारण तीच. प्रार्थना मंदिरात उतरलेल्या संघाने अशा वेळी गावाची प्रार्थना थांबवण्याची विनंती करू नये. ज्यांच्या घरात आपण पाहुणे आहोत, त्यांचा नित्यनेम पहिला. प्रतिक्रमण बाजूच्या खोलीत, ओसरीवर किंवा थोडे पुढे-मागे करता येते. कार्तिकात देवळात पहाटे काकड्यासाठी माणसे येतात. त्यांच्या वाटेत पथाऱ्या असू नयेत.

शेजारी उतरलेले वारकरी किंवा पदयात्री निराळे जेवतील, रात्री भजन करतील, कोणी बिडीही ओढेल. जैन श्रावकाने आपली मर्यादा स्वतःपुरती पाळावी आणि शेजाऱ्याला उपदेश करू नये. त्रास होत असेल तर आपली पथारी सरकवावी. धूर साधूंच्या दिशेने येत असेल तर ‘दादा, जरा पलीकडे बसता का?’ एवढे प्रेमाने म्हणावे. असे शब्द सहसा वाया जात नाहीत. त्याचप्रमाणे, सूर्यास्तापूर्वी जेवून मोकळे झालेल्या श्रावकांनी उशिरा येणाऱ्या थकल्या वाटसरूसाठी कोपरा राखून ठेवणे, हे परोपरोधाकरणाचे साधे आणि खरे रूप आहे.

स्पेनमध्ये सान्तियागोच्या पदयात्रामार्गावर यात्रेकरूंसाठी सामायिक विश्रामगृहे आहेत. तेथे सर्वसाधारणपणे एकच रात्र राहता येते आणि ठरल्या वेळी दिवे मालवले जातात. मागून येणाऱ्यासाठी जागा रिकामी झाली पाहिजे, हे तेथील व्यवस्थेचे सूत्र आहे. धर्म वेगळा, देश वेगळा, पण पायी चालणाऱ्यांचा न्याय तोच.

रात्र, पाणी आणि स्वच्छता

सूर्यास्तानंतर साधूंच्या वसतीत स्त्रियांनी आणि साध्वींच्या वसतीत पुरुषांनी जाऊ नये, ही मर्यादा सर्वांना ठाऊक आहे. सोबतच्या श्रावक-श्राविकांसाठीही स्वतंत्र जागेची सोय आधीच पाहावी. एकच दालन असेल तर भगिनींना आतली, दार लागणारी जागा द्यावी. मोबाइलवरील भजनेसुद्धा शेजाऱ्याच्या झोपेपुढे गौण आहेत.

पहाटे आवराआवर करताना पिशव्यांची खसखस आणि विजेरीचा झोत झोपलेल्यांच्या डोळ्यांवर पडू नये, म्हणून सामान रात्रीच बांधून ठेवावे. निघण्याची घाईही करू नये. ईर्यासमितीची मूळ शिस्त उजेडात, पुढची चार हात जमीन पाहत चालण्याची आहे. अंधारात, भरधाव ट्रकांच्या महामार्गावर तर ती जीवरक्षणाचीही शिस्त ठरते. केळापूर तालुक्यात आणखी एक कारण आहे. टिपेश्वरचे अभयारण्य येथेच आहे. पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात माणसांच्या मृत्यूंनंतर २०१८ च्या नोव्हेंबरात एक वाघीण मारली गेली, आणि त्या दिवसांची भीती माणसालाही महाग पडली, वाघालाही. येथील गावकरी पहाटे एकट्याने बाहेर जाऊ नका म्हणतात, तेव्हा तो सल्ला आज्ञेप्रमाणे मानावा.

उन्हाळ्यात या जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि हंड्यामागे रांगा लागतात. अशा गावात बादल्या भरभरून स्नान करणे हा अपरिग्रहाचा भंग आहे. पाणी विचारून, मोजून घ्यावे. गाळल्यावर जीवाणी त्याच विहिरीत पोहोचवण्याची जुनी रीत पाळावी. पाचवी समिती, म्हणजे टाकाऊ वस्तू निर्जीव जागी आणि कोणास पीडा न होईल अशा रीतीने टाकणे, ही साधूंसाठी सांगितलेली असली तरी कागदी पेले आणि प्लास्टिकच्या बाटल्या मागे ठेवणाऱ्या श्रावकाला तिची अधिक गरज आहे. वेचणीच्या शेतात, बांधावर घाण करू नये. सकाळी त्याच ओळीत वेचणाऱ्या बाया अनवाणी शिरतात.

एका घरावरचा भार

महामार्गावरच्या एखाद्या गावात जैनांचे एकच घर असते. हंगामात एकामागून एक संघ येतात, आणि प्रत्येक वेळी त्याच घराचे दार वाजते. घरातील गृहिणी दुकान, मुलांच्या परीक्षा आणि सासू-सासऱ्यांची औषधे सांभाळून सर्वांची व्यवस्था करते, आणि थकली तरी धर्मकार्य म्हणून बोलत नाही. आगमांनी हा भार ओळखला होता. ज्याने वसती दिली त्या शय्यातराच्या घरचा आहार साधूंनी घेऊ नये, असा नियम त्यांनी घातला. परंपरेने सांगितलेले कारण अत्यंत व्यवहारी आहे: जागा देणाऱ्यावर अन्नाचाही बोजा पडला तर पुढे जागा देण्यास कोणी धजणार नाही.

हाच विचार आजच्या संघांनी पुढे न्यावा. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, हिंगणघाट येथील संघांनी मधल्या मुक्कामांचे दिवस वाटून घ्यावेत, शिधा आणि माणसे शहरातून यावीत, आणि त्या एका घराकडून फक्त मार्गदर्शन घ्यावे. सोबतच्या श्रावकांनी तेथे चहाच्या फर्माइशी करू नयेत, हे वेगळे सांगायला नकोच.

निघताना

निघण्यापूर्वी जागा झाडून, पुसून, होती तशी लावून द्यावी. किल्ली ज्याच्याकडून घेतली त्याच्याच हातात द्यावी आणि आभार मानावेत. शाळेला किंवा देवळाला काही द्यावेसे वाटले तर आधी काय हवे ते विचारावे. चार पंखे असलेल्या वर्गाला पाचवा पंखा नको असतो, पाण्याची टाकी गळत असते. आणि दिलेल्या वस्तूवर नावाची पाटी नसली तरी चालते. गुप्तदानाची थोरवी सांगणाऱ्या समाजाला तेवढे जमायला हरकत नाही.

व्यापारी घरांत पत म्हणजे काय ते लहान मुलालाही कळते. बापाने वेळेवर फेडलेल्या हुंडीवर मुलाला माल मिळतो. विहारमार्गावरील प्रत्येक शाळा, प्रत्येक सभामंडप हे असेच एक खाते आहे. आज उतरलेल्यांनी तेथे जे जमा केले, त्यावर पुढच्या महिन्यात येणाऱ्या चार साध्वींना दार उघडे मिळेल की बंद, हे ठरणार आहे. त्या साध्वी कोणत्या गच्छाच्या, कोणत्या संघाच्या, हे गावाला ठाऊक नसेल. त्याला आठवेल ते एवढेच, की मागच्या वेळी आलेली माणसे कशी वागली होती.