उसाच्या फडातील एक सकाळ

अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाच्या पारण्यासाठी इक्षुरसाचा कलश हाती घेताना, हा रस कोणत्या शेतातून आला, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. भगवान ऋषभदेवांना श्रेयांसकुमारांनी इक्षुरसाचे दान दिले ही कथा आपल्याला पाठ असते. ऊस वाढविणारे हात मात्र अपरिचित राहतात.

माझेही तसेच झाले होते. कोल्हापूरच्या बाजारात चाळीस वर्षे गुळाची अडत केली. ढेप फोडायची, रंग आणि कणी पाहायची, सौद्यात दर ठरवायचा. शेताच्या बांधावर मात्र दोन वर्षांच्या नातीमुळे जाणे झाले. जेवताना गुळाचा खडा दाखवून तिने विचारले, "हा कुठून आला?" मी म्हणालो, "दुकानातून." सून हसली, मला मात्र ते उत्तर पुरेसे वाटले नाही.

जानेवारीतील एका रविवारी पंचगंगेकाठच्या एका गावी आम्ही गेलो. तेथील तात्यांचा माल वर्षानुवर्षे आमच्याच अडतीवर येतो. फडात शिरताच ते म्हणाले, "शेठ, हा आडसाली ऊस. दीड वर्ष झाले लागणीला. तुमच्या नातीपेक्षा थोडाच धाकटा." नातीने मान वर करून शेंडा पाहिला आणि माझे बोट घट्ट धरले. गोठ्यात वासराने तिचा तळहात चाटला, तेव्हा आधी ती दचकली, मग तिने दुसराही हात पुढे केला.

गुऱ्हाळावर चरक फिरत होता. काहिलीतील रस आटायला अडीच-तीन तास लागतात. चुलवाणात चिपाडे सारणारा जळव्या घामाने निथळत होता. गुळव्याची नजर फेसावरून हलत नव्हती. टनभर उसापासून गूळ मिळतो तो जेमतेम १०० ते १२० किलो. हे आकडे मला ठाऊक होते, त्यांमागचा घाम आज पाहिला.

नातीने गूळ मागितला. समोरच्या पिवळ्याधमक ढेपेचा तुकडा मी उचलला, तोच तात्यांनी माझा हात धरला. "तो नको, शेठ. बाळाला घरचा देतो." त्यांनी आतून तांबूस-काळपट गूळ आणला. मी पाहतच राहिलो. ते संकोचून म्हणाले, "पिवळ्यात हायड्रॉसची पूड असते. काळपट दिसला की सौद्यात दर पडतो ना!"

दर पाडणारा हात माझाच होता.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' म्हणजे भेसळ सांगितली आहे, तसाच 'स्तेनप्रयोग' म्हणजे दुसऱ्यास चोरीस प्रवृत्त करणेही. पूड मी कधी मिसळली नव्हती. पण ती मिसळण्याचे कारण चाळीस वर्षे मीच पुरवीत होतो, आणि त्याबद्दल प्रतिक्रमणात मला एकदाही काही आठवले नव्हते. जो गूळ शेतकरी आपल्या घरच्या मुलांना देत नाही, तो माझ्या दुकानातून इतरांच्या मुलांकडे जात होता.

त्या हंगामापासून पूड न घातलेला गूळ आम्ही वेगळा मांडतो आणि त्याला पिवळ्याइतकाच दर देतो. गिऱ्हाइकाला रंगाचे कारण समजावून सांगावे लागते. काही जण परत जातात. नफा थोडा घटला आहे. झोप मात्र चांगली लागते.

वाचकांनी आपल्या चिमुकल्यांना एकदा तरी शेतावर अवश्य न्यावे. सकाळी लवकर निघावे. उसाचा पाला कापतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. गाळलेले पाणी आणि घरचा डबा सोबत असावा. चरक व काहील यांच्याजवळ मुलाला खाली सोडू नये, कडेवर घेऊन दुरूनच दाखवावे. गुळाभोवती मुंग्यांच्या रांगा असतात. पाऊल जपून टाकायला शिकविण्यास याहून चांगली जागा नाही. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण व्हावे, अशा बेताने परतावे.

भगवान ऋषभदेवांनी प्रजेला कृषी शिकविली आणि वाणिज्यही. आपण दुसरे तेवढे सांभाळले आणि पहिल्याकडे पाठ फिरविली.

आता नातीला कोणी विचारले, गूळ कुठून येतो, तर ती दुकानाचे नाव घेत नाही. "तात्यांकडून," असे सांगते.