वेरूळ सोमवारी, अजिंठा मंगळवारी

एखाद्या ऐतिहासिक नगरीस जाण्याचा मनोदय ठरला, की आपली चौकशी बहुधा ‘तेथे पाहण्यासारखे काय आहे’ या प्रश्नाने सुरू होते. परंतु तिचा आरंभ ‘कोणते स्थळ कोणत्या वारी बंद असते’ या प्रश्नाने व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची प्रचीती छत्रपती संभाजीनगरास जाणाऱ्यास फार लवकर येते. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. ज्याच्या हाती नेमके हेच दोन दिवस आहेत, त्याने सोमवारी अजिंठा व मंगळवारी वेरूळ असा बेत केला, तर दोन्ही ठिकाणांहून त्यास विन्मुख परतावे लागेल. आणि तेच दिवस उलट क्रमाने योजले, तर तेवढ्याच खर्चात दोन्ही लेणी त्यास मनसोक्त पाहता येतील.

वारानंतर विचार करावा तो अंतराचा. वेरूळ शहरापासून सुमारे 30 किलोमीटरवर, तर अजिंठा सुमारे 100 किलोमीटरवर, आणि तेही निराळ्या दिशेस. म्हणून अजिंठ्यासाठी अख्खा दिवस राखून ठेवणे इष्ट. मात्र जो नागपूर वा भुसावळकडून रेल्वेने येतो, त्याने जळगावास उतरावे. तेथून अजिंठा अवघ्या साठेक किलोमीटरवर आहे, आणि लेणी पाहून तसेच पुढे संभाजीनगरास मुक्कामी गेले, की जाऊन-येऊन होणारी दुहेरी रपेट वाचते. स्वतःची मोटार असली तरी ती फर्दापूरच्या फाट्यावरच उभी करावी लागते. तेथून लेण्यांच्या पायथ्यापर्यंतचे चार किलोमीटर एस.टी.च्या बसने जावे लागते, आणि पुढे पायऱ्यांची चढण असते. बरोबर वृद्ध माणसे असतील, तर डोलीची सोय आहे हे त्यांना घरीच सांगून ठेवावे, म्हणजे ती निश्चिंत मनाने निघतील.

माहिती दोन प्रकारची असते, आणि प्रत्येकीचे दप्तर निराळे. वार, वेळा, तिकिटाचे दर हे बदलत असतात. त्यांची खातरजमा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडूनच करावी, बसच्या वेळा आगाराच्या चौकशी खिडकीवर विचाराव्यात, आणि निवासाची तजवीज करावयाची तर 1975 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे चौकशी करावी. याउलट, स्थळाचा इतिहास व स्वरूप सांगणारा मजकूर शतकानंतरही उपयोगी पडतो. तो शोधताना पुष्कळ जिज्ञासू मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांची पाने चाळून निराश होतात. कारण हा मुलूख तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता, आणि त्याचे स्वतंत्र गॅझेटियर 1884 साली निघाले. मलिक अंबरने वसविलेली खडकी, पुढे औरंगाबाद, आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर, अशी या शहराची नावे पालटत गेली असल्याने ग्रंथालयाच्या सूचीत ते जुन्या नावाखालीही पाहावे.

याशिवाय काही गोष्टी अशा असतात, की त्या कोणत्याही फलकावर आढळत नाहीत, पण लेण्यांपाशी वर्षानुवर्षे राबणाऱ्या पहारेकऱ्यास आदराने विचारले तर तो आनंदाने सांगतो. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी ज्या दालनांत काळोख दाटलेला असतो, त्यांतच मध्यान्हीनंतर ऊन शिरू लागते, आणि दहाव्या क्रमांकाच्या विश्वकर्मा लेण्यात दर्शनी गवाक्षातून येणारा प्रकाश आतल्या बुद्धमूर्तीपर्यंत पोहोचला, की दगडात कोरलेल्या छताच्या फासळ्या एकेक करून उठून दिसतात. ज्याने हे एक सत्य अगोदर जाणून घेतले, त्याच्या दिवसाची मांडणी आपोआप होते: दौलताबादचा किल्ला वेरूळच्या वाटेवरच असल्यामुळे त्याची खडी चढण सकाळच्या गारव्यात उरकावी, दुपारचे जेवण वेरूळ गावात करावे, आणि उन्हे कलू लागताच लेण्यांत प्रवेश करावा.

बीबी का मकबरा व पाणचक्की शहरातच आहेत. पोहोचण्याच्या दिवसाची संध्याकाळ त्यांस द्यावी. पाणचक्कीवर केवळ हौद पाहून परतू नये. दूरच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून, कोणत्याही यंत्राविना, या जात्यापर्यंत कसे आणले, हे तेथील जाणत्या माणसाकडून अवश्य समजून घ्यावे.