स्टँडबाय चालू आहे का?

सुरतजवळच्या सचिन जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत सर्व्हर रूम म्हणजे बहुधा अकाउंट्स खात्यामागची काचेच्या दाराची खोली. आत एसी, यूपीएस, दोन सर्व्हर आणि जागा उरली म्हणून रचलेले जुन्या चलनांचे गठ्ठे. त्या दोनांतला एक प्रायमरी, दुसरा स्टँडबाय. पहिल्याची नक्कल सतत ताजी ठेवायची आणि पहिला पडला तर त्याच्या जागी उभं राहायचं, एवढंच दुसऱ्याचं काम. पण तो खरंच उभा राहील का, हे आधी कळावं म्हणून गेल्या वीसेक वर्षांत काय काय करून झालं, त्याचा हा मागोवा. उधना-सचिन पट्ट्यात खानदेशातून येऊन हेच काम करणारे आम्ही लोक बरेच आहोत, त्यामुळे नजर या खोल्यांतूनच टाकलेली आहे.

ऑगस्ट २००६ पर्यंत दुसऱ्या सर्व्हरचा विषय काढला की शेठ आधी किंमत विचारत आणि मग विषय बदलत. त्या महिन्यात उकाई धरणातून सोडलेलं पाणी नऊ लाख क्युसेकच्या घरात गेलं आणि अडाजण, रांदेरसह सुरतचा मोठा भाग बुडाला. तळमजल्यावरची ऑफिसं, त्यातले संगणक, सगळं पाण्यात. बॅकअपची टेप संगणकाशेजारच्याच कपाटात असेल तर तीही पाण्यात. सचिन तापीच्या काठापासून लांब, शहराच्या दक्षिणेला. ज्यांचा कारखाना सचिनला आणि ऑफिस शहरात होतं, त्यांना नक्कल दुसऱ्या ठिकाणी हवी हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

सोय आधीपासून होती. ऑरॅकल या डेटाबेसमध्ये स्टँडबाय ७.३ या आवृत्तीपासून होता, २००१ च्या ९आय पासून त्याला डेटा गार्ड हे नाव मिळालं. पण डेटा गार्ड मिळतो एंटरप्राइझ एडिशनसोबत, आणि तिची किंमत पाहून कापडाचे प्रोसेस हाउसवाले हात जोडत. मग स्टँडर्ड एडिशनवर घरचा उद्योग सुरू झाला. प्रायमरीवरच्या बदलांची नोंद असलेली आर्काइव्ह लॉगची फाइल बॅच फाइलने दर १५ मिनिटांनी दुसऱ्या मशीनवर कॉपी करायची आणि तिथे ती लावायची. विंडोजच्या शेड्यूलरवर अशा जोड्या वर्षानुवर्षं चालल्या, काही आजही चालतात.

सुरुवातीची तपासणी म्हणजे पिंग. मशीन उत्तर देतं, म्हणजे सगळं ठीक. मशीन उत्तर देतं पण डेटाबेस बंद आहे, हे कळायला फार दिवस लागले नाहीत. मग लॉगच्या क्रमांकांची तुलना आली. दोन्हीकडे शेवटचा क्रमांक विचारायचा, फरक पाचच्या वर गेला की मेल पाठवायचा. ही दहा ओळींची स्क्रिप्ट या हातातून त्या हातात अख्ख्या इस्टेटमध्ये फिरली. कुणाच्या फोल्डरमध्ये ती भलत्याच कारखान्याच्या नावाने सापडायची, तो भाग वेगळा.

या स्क्रिप्टची खोड अशी की ती स्वतः बंद पडली तरी मेल येत नाही, आणि मेल आला नाही की आपण खूश. ही खोड फक्त आमच्या पट्ट्यातली नव्हती. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या अभियंत्याने स्टँडबाय समजून प्रायमरीचीच डेटा डिरेक्टरी पुसली. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हता. तसं सांगणारे मेल निघत होते, पण समोरचा सर्व्हर ते नाकारत होता. सुमारे सहा तासांची भर कायमची गेली. कंपनीने सगळा वृत्तांत जाहीर छापला, हे मोठंच काम केलं. आमच्याकडे त्यानंतर उलटी पद्धत रुजत गेली: रोज सकाळी ‘सगळं ठीक’ असा मेसेज यायलाच हवा, आणि नाही आला तर तीच धोक्याची घंटा. मार्च २०२१ मध्ये नोंदणी नसलेल्या मजकुराचे एसएमएस अडवायला सुरुवात झाली, तेव्हा एसएमएस गेटवेवर विसंबलेल्या स्क्रिप्टांना याच उलट्या पद्धतीने वाचवलं. सकाळचा मेसेज आला नाही आणि लोक उठून बघायला लागले.

पोस्टग्रेस हा मोफत डेटाबेस सचिनमध्ये शिरला तो पैसे वाचवायला. सप्टेंबर २०१० च्या ९.० मध्ये स्ट्रीमिंग रेप्लिकेशन आलं आणि एंटरप्राइझ एडिशनशिवाय ताजी नक्कल मिळू लागली. स्टँडबाय किती मागे आहे हे पाहायला सगळ्यांनी एकच सोपी वजाबाकी उचलली: आत्ताच्या वेळेतून स्टँडबायवर लागलेल्या शेवटच्या व्यवहाराची वेळ वजा करायची. वर्षभर ठीक चालायचं. मग दिवाळी आली. सुरतेत दिवाळीला कारखाने बंद, कारागीर गावी, गेटपास नाही, चलन नाही, डेटाबेसमध्ये एक नवी ओळ नाही. शेवटचा व्यवहार धनतेरसचा, आणि घड्याळ पुढे पुढे चाललेलं. स्टँडबाय एका बाइटनेही मागे नसताना स्क्रिप्ट रात्रभर ओरडते: चार तास मागे, नऊ तास मागे, तीस तास मागे. पाडव्याला फोन सायलेंटवर जातो आणि धंदा पुन्हा उघडतो त्या लाभपाचमेनंतरही तिथेच राहतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा, स्टँडबाय किती मागे ते सांगणारा जुना आकडा याच्या उलट फसवायचा. नेटवर्क अडकून नवे लॉग पोचतच नसले तरी, आलेले सगळे लावून झाले म्हणून तो शून्य सेकंद दाखवायचा. दोन्हीवर उतारा एकच निघाला. प्रायमरीवर दर मिनिटाला एका छोट्या टेबलात वेळेची नोंद करायची आणि तीच नोंद स्टँडबायवर जाऊन वाचायची. दिवाळी असो की होळी, ही नोंद होतेच.

स्टँडबायमुळे प्रायमरी मरतो, हेही बघून झालं. पोस्टग्रेस ९.४ मध्ये रेप्लिकेशन स्लॉट आले. स्टँडबायने उचलले नाहीत तोवर प्रायमरी जुने लॉग पुसत नाही, कल्पना उत्तम. पण सुट्टीत वीज वाचवायला कुणी स्टँडबाय बंद करून गेला की प्रायमरीची डिस्क लॉगनी भरत जाते आणि शेवटी डेटाबेसच थांबतो. स्लॉटसाठी किती लॉग धरून ठेवायचे यावर मर्यादा घालायची सोय २०२० च्या १३ व्या आवृत्तीत आली. तोवर डिस्कचा आकडा हीच तपासणीतली पहिली ओळ होती, आणि माझ्या मते अजूनही असावी.

पण सगळ्यांत फसवं प्रकरण ऑरॅकलच्या नोलॉगिंगचं. महिनाअखेरीचा स्टॉक रिपोर्ट लवकर व्हावा म्हणून प्रोग्रामर एक टेबल नोलॉगिंगने भरतो. भर लॉगमध्ये जात नाही, म्हणून काम झटपट होतं. लॉगमध्ये नाही म्हणजे स्टँडबायवरही नाही. क्रमांक जुळतात, फरक शून्य, सकाळचा मेसेज वेळेवर. स्टँडबाय उघडून ते टेबल वाचायला जावं तेव्हा ब्लॉक खराब असल्याचा एरर समोर येतो. फोर्स लॉगिंग चालू केलं की प्रश्न मिटतो, थोडा वेग जातो. ते चालू आहे ना, हे रोज तपासणारी ओळ आपल्या स्क्रिप्टमध्ये किती जणांनी घातली आहे, हे ज्याचं त्याने बघावं.

या सगळ्याला घाई आणली ती जीएसटीने. पूर्वी सर्व्हर दोन तास बंद असला तर मुनीम वहीत लिहून ठेवायचा आणि संध्याकाळी चढवायचा. १५ एप्रिल २०१८ पासून गुजरातमध्ये राज्यातल्या मालालाही ई-वे बिल लागू झालं. पुढे ई-इनव्हॉइसची उलाढालीची मर्यादा ५०० कोटींपासून उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली. आता बिल सिस्टममधून निघालं नाही की भरलेला टेम्पो गेटवर उभा, ड्रायव्हर वैतागलेला आणि शेठचा फोन चालू. ‘स्टँडबाय चालू आहे का’ हे शेठ स्वतःहून विचारू लागले ते या टेम्पोमुळे. पुराची आठवण तोवर पुसट झाली होती.

फोन आल्यावर लगेच सुचतं, की माणूस मध्ये हवाच कशाला, प्रायमरी पडला की स्टँडबायने आपोआप ताबा घ्यावा. ऑरॅकलने ही सोय १०जी च्या दुसऱ्या आवृत्तीत दिली, तीही तिसऱ्या मशीनवर बसलेल्या निरीक्षकासह. ते तिसरं मशीन महत्त्वाचं. दोनच मशीन असतील आणि मधली तार तुटली, तर समोरचा मेला की फक्त तार मेली हे स्टँडबायला कळायला मार्ग नाही. मग दोघेही स्वतःला प्रायमरी समजून बिलं फाडू लागतात. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहब या कंपनीत नेटवर्क ४३ सेकंद तुटलं. आपोआप बदली करणाऱ्या व्यवस्थेने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा ताबा पश्चिमेला दिला. पूर्वेकडे लिहिलेली थोडी भर पश्चिमेला पोचलीच नव्हती. घडी पुन्हा बसवायला २४ तास ११ मिनिटं लागली. मोठे अभियंते, पुरेशी मशीन असून हे. सचिनच्या दोन मशीनच्या खोलीत तपासणी पूर्ण आपोआप असावी आणि बदलीचा निर्णय माणसाने घ्यावा, यावर मी ठाम आहे.

मात्र माणसावर सोडलं की दुसरा घोळ होतो. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११:४० ला थांबले आणि दुपारी पावणेचारला परत सुरू झाले. पर्यायी केंद्र असूनही कारभार तिकडे हलवला गेला नाही. त्यानंतर पुढच्याच महिन्यात सेबीने नियम केला: अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं. २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी बाजाराने खास सत्र भरवून मधेच कारभार पर्यायी केंद्रावर नेला आणि तिथून खरे सौदे केले. तपासणी म्हणावी तर ही.

कागदावर झालेलं हस्तांतर आणि खरं हस्तांतर यांतला फरक सचिनइतका कुणाला ठाऊक असणार? १७९१ मध्ये जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना देऊन बाळू मियाँ सिद्दीने बदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख घेतला आणि सचिन संस्थान सुरू झालं. सचिन त्याला मिळालं. जंजिरा मात्र पेशव्यांच्या हाती कधीच आला नाही, कारण किल्ल्यावर बसलेल्या दुसऱ्या सिद्दीने तो सोडला नाही. नोंद बरोबर होती, ताबा नव्हता.

तेव्हा ज्यांच्याकडे दोन मशीनची खोली आहे, त्यांना एकच सांगणं. येत्या दिवाळीत कारखाना बंद असताना प्रायमरी ठरवून बंद करा, स्टँडबायला प्रायमरी करा आणि लाभपाचमेची पहिली बिलं त्याच्यावरूनच काढा. आठवडाभर तसंच चालवा. जमलं नाही तर बिघाड कुठे आहे ते टेम्पो गेटवर यायच्या आधी कळेल.