औषधशास्त्राची शाळा कशी निवडावी?



या विषयावर एखाद्या प्राध्यापकाने बोलावे, हे अधिक उचित झाले असते. आम्ही कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. जे थोडेफार वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, कामगार कायद्यांची पुस्तके उलटताना झाले. परंतु बारावीचे निकाल लागले की आमच्या कचेरीत आईबाप येतात. कोणी विड्या वळणारी बाई असते, कोणी तुमसरकडच्या मँगनीज खाणीतला कामगार असतो. हातात दोन कॉलेजांची दोन रंगीत पत्रके असतात आणि प्रश्न एकच असतो : “भाऊ, पोरीला यातल्या कोणत्या कॉलेजात घालू?”

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न औषधशास्त्राच्या, म्हणजे फार्मसीच्या, बाबतीत फार येऊ लागला आहे. त्याचे कारण उघड आहे. 1948 च्या फार्मसी कायद्याच्या 42 व्या कलमाप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय इतर कोणी देऊ नये, असा दंडक आहे. तेव्हा या शिक्षणाला कायद्यानेच एक जागा राखून ठेवली आहे, असे लोकांना वाटते; आणि ते चूक नाही.

वाटा मुख्यतः दोन आहेत. डी. फार्म. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्याला बारावी विज्ञानाच्या गुणांवर प्रवेश मिळतो आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. शेवटी किमान तीन महिन्यांत मिळून 500 तासांचे प्रत्यक्ष शिक्षण सक्तीचे आहे. त्यातले 250 तास प्रत्यक्ष चिठ्ठ्या वाचून औषधे देण्यात गेले पाहिजेत. बी. फार्म. चार वर्षांचा, त्यास प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि पदवी विद्यापीठाची. दुकान किंवा इस्पितळाचा औषध विभाग हे ध्येय असेल, तर पहिली वाट पुरते. औषधांच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत जावयाचे असेल तर दुसरी. डी. फार्म. झालेल्यास पुढे बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षात जाता येते. म्हणून ज्या घरात चार वर्षांचा खर्च एकदम पेलत नाही, त्यांनी पहिली वाट धरण्यात कमीपणा मानू नये.

वाट ठरली की खरी अडचण पुढे येते. दोन शाळांपैकी कोणती? दोन वर्षांपूर्वी पवनीकडची एक विडी कामगार बाई मुलीला घेऊन आली. एका कॉलेजचा माणूस तिच्या घरी येऊन गेला होता. तो म्हणाला, “हजेरीची काळजी नको. परीक्षेपुरती या. पोरगी घरी राहून आईला मदत करील.” दुसरे कॉलेज एस.टी.ने सव्वा तासावर. तेथे रोज जावे लागणार. बाईचे मन पहिल्याकडे होते. त्यास आळस म्हणू नये. मजुरी हजार विड्यांवर मिळते, आणि मुलीचे दोन हात घरातून गेले की हजार पुरे व्हायला रात्र होते.

आम्ही तिला सल्ला दिला नाही. कारखान्याची स्थिती मालकाच्या कचेरीत कळत नसते. पाळी सुटताना फाटकाशी उभे राहिले की कळते. म्हणून आम्ही मायलेकींना बरोबर घेतले आणि दोन्ही ठिकाणी जाऊन आलो.

पहिल्या ठिकाणी तीन मजली इमारत आणि दाराशी कारंजे होते. प्रयोगशाळा पाहू म्हटले, तर किल्ली शोधावी लागली. कपाटातल्या बाटल्यांची सीले शाबूत, तराजूवर प्लास्टिकचे वेष्टन तसेच, हात धुण्याची कुंडी कोरडी. दुसऱ्या ठिकाणी भिंतीचा रंग उडाला होता. पण ओट्यावर डाग होते, खोलीत औषधाचा उग्र वास होता, आणि एक बाई एका मुलाला मलमाचे वजन चुकल्याबद्दल रागे भरत होत्या. बाहेर बसथांब्यावर मुले भेटली. कोणते मास्तर काय शिकवतात, हे त्यांनी नावे घेऊन सांगितले. पहिल्या ठिकाणी थांब्यावर विचारायला मुलेच नव्हती.

हजेरीचा एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. सांधेवातावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. त्या आजारात ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. तीच चुकून रोज घेतली गेली तर रक्त तयार होण्याचे काम बिघडते आणि माणूस दगावू शकतो. चिठ्ठी वाचून “मावशी, ही फक्त सोमवारी” असे सांगणारा माणूस काउंटरमागे हवा. ती सवय परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचून लागत नाही. कारखान्यातही तेच. 2025 साली आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपातील विषारी द्रव्याने लहान मुले दगावली. त्यांतल्या कित्येकांवर नागपुरात उपचार चालले होते. ते द्रव्य कच्च्या मालाच्या तपासणीत सापडावयास हवे होते. त्या तपासणीच्या टेबलाशी अशाच शाळांतून शिकलेली माणसे उभी असतात.

शिवाय नियमानेही 75 टक्के हजेरी लागते. “येऊ नका” म्हणणारी शाळा मुलीच्या नावावर खोटी हजेरी लिहिणार, हे आईबापांनी समजून घ्यावे. अशा शिक्षणाचा शेवट बहुधा सर्टिफिकेट भाड्याने देण्यात होतो. नाव फार्मासिस्टचे, दुकान दुसऱ्याचे, दरमहा थोडे पैसे; आणि तपासणीत घोटाळा निघाला की जबाबदार नाव आपल्याच मुलीचे.

आता कागदांविषयी. भारतीय फार्मसी परिषदेची मान्यता ज्या वर्षी प्रवेश घ्यावयाचा त्या वर्षासाठी आहे काय, आणि किती जागांसाठी, हे परिषदेच्या यादीत स्वतः पाहावे. मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमावर नोंदणी होत नाही. फी किती, हे छापील मागावे. कॅपिटेशन फी घेण्यास आपल्या राज्यात 1987 पासून कायद्याने बंदी आहे. प्रवेश शक्यतो सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतूनच घ्यावा. आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या कुटुंबांतील, अटींत बसणाऱ्या मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्काची व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे, पण व्यवस्थापनाच्या कोट्यातून गेल्यास ती हातची जाते. विडी कामगार व मँगनीज खाण कामगार यांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाचे शैक्षणिक साहाय्यही आहे. त्यासाठी आईचे विडी कामगाराचे ओळखपत्र घरात सापडले पाहिजे. पुष्कळदा तेच सापडत नाही.

त्या बाईने दुसरे कॉलेज निवडले. ते सोपे गेले, असे आम्ही म्हणणार नाही. मुलगी पहाटे साडेपाचला उठते आणि संध्याकाळी बसमधून उतरून तासभर पाने कापू लागते. आईच्या हजारातले काही कमी भरतात ते भरतातच. मात्र मागच्या महिन्यात तिने आजीच्या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि एकच औषध दोन निरनिराळ्या नावांनी चालू असल्याचे डॉक्टरांना नेऊन दाखविले. डॉक्टरांनी त्यातले एक बंद केले.

श्रोतेहो, प्रवेशाचे दिवस जवळ आले आहेत. आपल्यापैकी पुष्कळांना इंग्रजीतला अर्ज वाचता येतो, पुष्कळांकडे दुचाकी आहे. आपल्या आळीत असे एखादे घर असेल, तर त्यांना तोंडी सल्ला देऊ नका. त्यांच्याबरोबर एक दिवस जा, प्रयोगशाळेची किल्ली मागा, आणि कुंडी ओली आहे की कोरडी ते पाहून या.